मुक्तस्रोत डेटाबेस वापरताना पेटंटची जबाबदारी नेमकी कोणाची?

वारणाकाठ

नमस्कार. कोल्हापुरात आमची सहा जणांची छोटी सॉफ्टवेअर संस्था आहे. साखर कारखान्यांचे वजनकाटे, पतसंस्थांची खतावणी, दूध संघांची बिले अशी कामे आम्ही सुमारे वीस वर्षे करत आलो आहोत आणि या सगळ्यांच्या मुळाशी पहिल्यापासून पोस्टग्रेस हाच मुक्तस्रोत डेटाबेस आहे. यंदा प्रथमच अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या कंपनीचे काम मिळाले. त्यांच्या गोदामांतील मालाच्या नोंदी ठेवणारी प्रणाली उभारून द्यायची आहे. त्यांच्याकडून आलेल्या करारनाम्याच्या मसुद्यात एक कलम असे आहे की, आम्ही पुरवलेल्या प्रणालीमुळे, तिच्यातील मुक्तस्रोत घटक धरून, कोणाच्याही पेटंटचा भंग झाल्याचा दावा उभा राहिला तर न्यायालयीन खर्च आणि नुकसानभरपाई आम्ही सोसायची, आणि या जबाबदारीला रकमेची कोणतीही मर्यादा नाही.

आजवर मी असे धरून चाललो होतो की मुक्तस्रोत परवाना म्हणजे वापरण्याची, बदलण्याची आणि पुढे देण्याची पूर्ण मोकळीक. ती हातात असताना पेटंटचा दावा करणारा तिसरा माणूस येतो कुठून, हे मला उमगत नाही. माझ्या भागीदाराचे म्हणणे असे की ज्या प्रोग्रामची ओळ न् ओळ साऱ्या जगाला वाचता येते, त्यातल्या कल्पनेवर मालकी सांगायला कोणी धजणारच नाही. उलट पुण्यात डेटाबेसचे काम करणारा माझा एक वर्गमित्र सांगतो की पोस्टग्रेसमधून एकदा चांगला चालणारा अल्गोरिदम, म्हणजे काम करण्याची ठरीव पद्धत, केवळ पेटंटच्या धास्तीने काढून टाकावा लागला होता. हे खरे आहे का, आणि असल्यास नेमके काय घडले? शिवाय भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही असे सगळेच म्हणतात. मग कोल्हापुरात बसून लिहिलेल्या प्रोग्रामला अमेरिकेचा कायदा कसा लागतो? सही करायची की नाही हे ठरवण्याआधी विषय मुळातून समजून घ्यायचा आहे.

बखरकार

आपल्या वर्गमित्राचे म्हणणे खरे आहे. ती हकिकत सांगतोच, पण आधी परवान्याचा गुंता सोडवू.

कॉपीराइट लिहिलेल्या ओळींवर असतो. पेटंट ते काम करण्याच्या पद्धतीवर असते. पोस्टग्रेसच्या लेखकांनी आपण लिहिलेल्या ओळी आपल्याला मोकळ्या हाताने दिल्या, परंतु जे त्यांचे स्वतःचे आहे तेवढेच ते देऊ शकतात. शेताचा मालक आपल्या बांधावरून जायला परवानगी देतो, तेव्हा पुढच्या शेताच्या बांधाबद्दल त्याला काही बोलता येत नाही. तसेच हे आहे. कॉपीराइटमध्ये नक्कल केल्याशिवाय भंग होत नाही. पेटंटमध्ये मात्र कोणाचेही न पाहता, स्वतःच्या बुद्धीने लिहिलेला प्रोग्रामसुद्धा दुसऱ्याच्या दाव्याच्या शब्दांत बसला की भंग ठरतो. आपल्या भागीदारांचा तर्क मला उलटा वाटतो. बंद प्रोग्राममध्ये कोणती पद्धत वापरली आहे हे बाहेरच्याला सहसा कळत नाही. मुक्तस्रोतात मात्र दावेदाराला पुरावा घरबसल्या मिळतो.

आता हकिकत. डेटाबेसची पाने, म्हणजे नोंदी साठवण्याचे ठरावीक आकाराचे तुकडे, पोस्टग्रेसमध्ये प्रत्येकी ८ किलोबाइटचे, डिस्कवर असतात आणि त्यांतली थोडीच एका वेळी मेमरीत मावतात. तहसील कचेरीतले अभिलेखागार डोळ्यांसमोर आणा. कारकुनाच्या मेजावर वीस फायली मावतात, कपाटांत वीस हजार आहेत, आणि एकविसावी मागवली की मेजावरची कोणती परत पाठवायची हा रोजचा प्रश्न आहे. सर्वांत परिचित नियम असा की जिला सगळ्यांत जास्त वेळ हात लागलेला नाही ती पाठवावी. हा नियम एरवी बरा चालतो. पण वर्षअखेरीला कोणी सगळ्या फायली एकेकदा चाळायला घेतल्या की रोज लागणाऱ्या फायली कपाटात जातात आणि मेज एकदाच पाहिलेल्या, पुन्हा न लागणाऱ्या कागदांनी भरून जाते. डेटाबेसमध्ये एखादे मोठे टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, नेमके हेच करते.

यावर आयबीएमच्या आल्माडेन संशोधन केंद्रातील निमरोद मेगिडो आणि धर्मेंद्र मोधा (मोधा हे आपल्या पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी) यांनी एआरसी नावाचा उपाय काढला आणि २००३ मध्ये त्यावर शोधनिबंध वाचला. त्यात एकदाच लागलेल्या पानांची एक यादी आणि पुन्हा पुन्हा लागणाऱ्या पानांची दुसरी यादी असते, आणि त्यांखेरीज, यातच खरी चतुराई आहे, नुकतीच बाहेर काढलेली पाने फक्त नावांनिशी दोन चिठ्ठ्यांवर टिपून ठेवलेली असतात. बाहेर गेलेले एखादे पान पुन्हा मागितले गेले तर ते ज्या यादीतून गेले होते तिला जास्त जागा द्यायला हवी होती, असा अर्थ होतो, आणि त्यानुसार दोन याद्यांमधली सीमा आपोआप सरकते. कोणी बाहेरून आकडे जुळवत बसायची गरज उरत नाही.

पोस्टग्रेसचे एक विकासक यान विक यांनी २००३ च्या अखेरीस ही पद्धत पोस्टग्रेसमध्ये आणली. शोधनिबंध सर्वांसाठी खुला होता, त्यामुळे त्यांनी काही गैर केले असे कोणीही म्हणणार नाही. परंतु आयबीएमने नोव्हेंबर २००२ मध्येच अमेरिकेत पेटंटचा अर्ज दाखल केला होता, आणि तिथे अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनंतर प्रसिद्ध होतो. म्हणजे प्रोग्राम लिहिला जात असताना तो अर्ज शोधूनही सापडला नसता. जानेवारी २००५ मध्ये ८.० ही आवृत्ती बाहेर पडली आणि त्याच सुमारास तो अर्ज विकासकांच्या नजरेस आला. त्याच महिन्यात आयबीएमने आपली ५०० पेटंटे मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी खुली केल्याची घोषणा केली होती, हा योगायोग मला आजही चमत्कारिक वाटतो. अर्थात ती मंजूर झालेली पेटंटे होती आणि हा अर्ज प्रलंबित होता.

आयबीएमकडे परवानगी मागता आली असती. पण पोस्टग्रेसचा परवाना बंद, विकाऊ उत्पादनांनाही हाच प्रोग्राम वापरू देतो, आणि केवळ मुक्तस्रोतापुरती मिळालेली परवानगी त्या वापरकर्त्यांच्या कामाची नव्हती. म्हणून एप्रिल २००५ मध्ये आलेल्या ८.०.२ या आवृत्तीत एआरसी काढून त्याजागी १९९४ च्या शोधनिबंधातील टूक्यू या पद्धतीशी मिळतीजुळती पद्धत बसवण्यात आली. ज्यांनी पोस्टग्रेसची शिस्त पाहिली आहे त्यांना यातले गांभीर्य कळेल, कारण शेवटचा आकडा बदलणाऱ्या आवृत्तीत केवळ चुका दुरुस्त करायच्या, गाभ्याला हात लावायचा नाही, असा तिथला दंडक आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये ८.१ आली आणि तीत क्लॉक स्वीप ही तिसरीच पद्धत घेतली गेली. एआरसीचे पेटंट मंजूर झाले ते त्यानंतर, फेब्रुवारी २००६ मध्ये.

न मिळालेल्या पेटंटसाठी, कोणी खटला भरलेला नसताना, एका प्रकल्पाने एका वर्षात दोनदा आपल्या गाभ्यातील यंत्रणा बदलली. सॉफ्टवेअर पेटंटांची किंमत मोजताना लोक खटल्यांचे आकडे देतात. माझ्या मते खरी किंमत अशा न झालेल्या खटल्यांत दडलेली असते आणि ती कुठल्याच निकालपत्रात सापडत नाही.

कलमतीन

मी वकिली करते आणि बौद्धिक संपदेची प्रकरणे हाताळते. आपल्या तिसऱ्या प्रश्नापुरते उत्तर देते.

पेटंट ज्या देशाने दिले त्या देशापुरतेच चालते. अमेरिकेतील पेटंटाचा भंग कोल्हापुरात होऊ शकत नाही. परंतु आपली प्रणाली अमेरिकेतील गोदामात चालणार आहे, आणि तिथल्या कायद्यात पेटंट असलेली वस्तू किंवा पद्धत नुसती वापरणे हाही भंग आहे. म्हणजे पहिला दावा आपल्या ग्राहकावर येईल. तो भार आपल्या खांद्यावर सरकवण्यासाठीच ते कलम घातले आहे. थोडक्यात, आपल्याला अमेरिकेचा कायदा मुख्यतः करारामार्फत लागतो.

भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही हे विधान मात्र अर्धे खरे आहे. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३(के) मध्ये गणिती किंवा व्यावसायिक पद्धत, अल्गोरिदम आणि संगणक प्रोग्राम ‘पर से’ यांना शोध मानलेले नाही. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या या ‘पर से’ दोन शब्दांवर, म्हणजे ‘केवळ तेवढ्यापुरता’ या अर्थाच्या शब्दांवर, आमच्या पेशातील किती लोकांची पोटे भरली याची गणती नाही. डिसेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून, उद्योगातील तांत्रिक उपयोग आणि हार्डवेअरशी सांगड या दोन वाटा मोकळ्या करण्याचा प्रयत्न केला होता. संसदेत तो कायद्याच्या रूपाने आला तेव्हा ही तरतूद गळाली आणि २००५ च्या दुरुस्तीत जुनीच शब्दरचना राहिली. पुढे पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांचा हिंदोळा सुरू झाला: ऑगस्ट २०१५ मध्ये सूचना आल्या, डिसेंबरमध्ये स्थगित झाल्या, फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या सूचनांनी नव्या हार्डवेअरची अट घातली आणि २०१७ मध्ये ती अट पुन्हा काढली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये फेरिद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की संगणक प्रोग्रामवर आधारित प्रत्येक शोध वर्ज्य नाही; त्यातून तांत्रिक परिणाम साधत असेल तर अर्जाचा विचार झाला पाहिजे. त्यामुळे डेटाबेसच्या कामाचा वेग वाढवणारी किंवा मेमरी वाचवणारी पद्धत आपल्याकडे अजिबात मंजूर होणार नाही, असे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे चांगली आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. तिचा त्या धंद्याशी संबंध असावाच असे नाही. एखाद्या अर्जातील पद्धत कोणत्या जुन्या शोधनिबंधात किंवा कोणत्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या नोंदींत आधीच आहे, हे बखरकारांसारखी मंडळी दहा मिनिटांत सांगू शकतील. औषधांच्या पेटंटांवर रुग्णसंघटनांनी हे हत्यार वापरले आहे. सॉफ्टवेअरवाले अजून त्याच्याकडे वळत नाहीत.

युरोपात हा वाद संसदेत गाजला. संगणकाधारित शोधांच्या पेटंटांबाबतचा निर्देश ६ जुलै २००५ रोजी युरोपीय संसदेने ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. तरीही तिथे तांत्रिक परिणामाच्या वाटेने पेटंटे दिली जातात, हे ध्यानात ठेवावे.

दुसरीबाजू

मी एका मोठ्या कंपनीत संशोधकांचे शोध ऐकून त्यांचे पेटंट अर्ज तयार करण्याचे काम करतो, त्यामुळे माझे म्हणणे त्या हिशेबाने वाचावे.

बखरकारांनी हकिकत अचूक सांगितली, पण ती अर्ध्यावर सोडली. एआरसीमध्ये मेमरीतल्या पानाला प्रत्येक वेळी हात लागला की याद्यांत त्याची जागा हलवावी लागते, आणि यादी हलवायची म्हणजे तिला कुलूप लावायचे, तेवढा वेळ इतरांना थांबवायचे. एका प्रोसेसरच्या यंत्रावर हे खपून जाते. अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करू लागले की सगळे त्या एका कुलपापाशी रांग लावून उभे राहतात. क्लॉक स्वीपमध्ये पानाला हात लागला की त्याच्या शेजारचा एक छोटा आकडा, जास्तीत जास्त पाचपर्यंत, वाढवायचा एवढेच काम असते; जागा हवी झाली की घड्याळाच्या काट्यासारखा एक हात फिरत प्रत्येकाचा आकडा एकाने कमी करत जातो आणि शून्यावर आलेले पान उचलतो. सामायिक मेमरीसाठीची ही रांग कमी करणे हे ८.१ चे एक मुख्य काम होते. क्लॉक स्वीप पोस्टग्रेसमध्ये इतकी वर्षे टिकला तो पेटंटच्या भीतीने नव्हे, तर त्या कामाला तो अधिक सोयीचा होता म्हणून. पेटंटमुळे पोस्टग्रेसचे नुकसान झाले असे म्हणताना निदान एवढे मान्य करावे.

दुसरे असे की अमेरिकेतले दार २००५ मध्ये होते तेवढे सताड उघडे आता नाही. जून २०१४ च्या अ‍ॅलिस निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जुनी अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली म्हणून ती पेटंटयोग्य होत नाही, आणि त्या आधारे पुष्कळ पोकळ पेटंटे पडली. ज्यात खरी तांत्रिक करामत आहे ते मात्र टिकते. डेटाबेसमधलेच उदाहरण द्यायचे तर २०१६ चा एनफिश विरुद्ध मायक्रोसॉफ्ट हा निकाल पाहावा. सर्व प्रकारच्या नोंदी एकाच टेबलात ठेवायच्या आणि त्या टेबलाच्या स्तंभांची व्याख्यासुद्धा त्याच टेबलातील ओळींत लिहायची, अशी ती रचना होती. अपील न्यायालयाने ती संगणकाच्याच कामात सुधारणा करणारी, म्हणून पेटंटयोग्य ठरवली. मात्र मायक्रोसॉफ्टने तिचा भंग केला नाही हा खालच्या न्यायालयाचा निर्णयही कायम ठेवला. असा तोलून दिलेला निकाल वाचला की सगळी सॉफ्टवेअर पेटंटे म्हणजे खंडणी, हे सरसकट वाक्य जिभेवर यायला नको.

प्रामाणिकपणे एक गोष्ट माझ्या बाजूच्या विरोधातही सांगतो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल, म्हणजे नोंदी टेबलांच्या रूपात ठेवणाऱ्या, डेटाबेसची कल्पना मांडली ती आयबीएममध्ये नोकरीला असताना, आणि पुढे आयबीएमच्याच सिस्टिम आर प्रकल्पाने आपले शोधनिबंध जाहीर केले. ते वाचून ओरॅकलने १९७९ मध्ये उत्पादन बाजारात आणले. आयबीएमचे स्वतःचे विकाऊ उत्पादन १९८१ मध्ये आले. अमेरिकेत त्या काळी सॉफ्टवेअर पेटंट मिळवणे अवघड होते. आजच्यासारखे ते सोपे असते आणि कॉड यांची कल्पना २० वर्षे एका घरात कोंडली गेली असती, तर पोस्टग्रेसचा पूर्वज असलेला बर्कली विद्यापीठाचा इंग्रेस प्रकल्प कोणत्या अवस्थेत असता, याचे उत्तर माझ्या पेशाकडे नाही.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वाचता वाचता दोन नवे प्रश्न पडले. पहिला: सगळे मुक्तस्रोत परवाने पेटंटच्या बाबतीत सारखेच का? आमच्या प्रणालीत पोस्टग्रेसशिवाय अपाची परवान्याचे आणि जीपीएल परवान्याचे घटकही आहेत. दुसरा: आपण वापरतो त्या प्रत्येक घटकासाठी अमेरिकेतील पेटंटे शोधून वाचून काढावीत का? आमच्यातील एक उत्साही मुलगा हे काम अंगावर घ्यायला तयार आहे.

बखरकार

आधी दुसरीबाजू यांना उत्तर. क्लॉक स्वीप सरस ठरला हे मला पूर्ण मान्य आहे आणि ते मी सांगायला हवे होते. पण घर बदलावे लागल्यावर नवे घर हवेशीर निघाले, म्हणून घराबाहेर काढणाऱ्याचे आभार मानायचे नसतात. तांत्रिक कारणाने वर्षभराने शांतपणे झाला असता तो बदल आधी दुरुस्तीच्या आवृत्तीत घाईने करावा लागला, एवढाच माझा मुद्दा आहे.

आता परवाने. ते सारखे नाहीत, आणि फरक बराच मोठा आहे. पोस्टग्रेसचा परवाना छोटा, बर्कलीच्या जुन्या परंपरेतला. त्यात पेटंटचा स्पष्ट उल्लेख नाही. २००४ च्या अपाची २.० परवान्यात मात्र लेखनाचे योगदान देणारा प्रत्येक जण, त्या योगदानामुळे ज्यांचा भंग होईल अशा स्वतःच्या पेटंटांचा परवानाही देतो, आणि जो कोणी त्या सॉफ्टवेअरवर पेटंटचा खटला भरेल त्याला मिळालेला पेटंट परवाना तिथेच संपतो. जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत, जिच्याखाली मायएसक्यूएल आणि मारियाडीबी हे डेटाबेस येतात, सातवे कलम असे सांगते की पेटंटमुळे परवान्याच्या सगळ्या अटी पाळून वितरण करणे शक्य नसेल तर वितरणच करू नये. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट पेटंट परवाना आला. या सगळ्यांतली मेख एकच आहे: योगदान देणाऱ्याचीच पेटंटे त्यात येतात. ज्याने प्रकल्पात एक ओळही लिहिली नाही अशा तिसऱ्याला हे परवाने बांधत नाहीत, आणि एआरसीच्या वेळी नेमका तोच प्रसंग होता.

शब्दरचना किती महत्त्वाची असते याचे उदाहरण रॉक्सडीबीचे आहे. फेसबुकने हा अंतर्भूत, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामच्या आतच चालणारा, डेटाबेस बर्कलीच्याच परंपरेतला बीएसडी परवाना आणि वेगळे पेटंट पत्रक अशा जोडीने दिला होता. त्या पत्रकाचा अर्थ असा निघत होता की फेसबुकवर कोणत्याही, अगदी असंबंधित पेटंटचा खटला भरला तरी पेटंटची परवानगी जाईल. अपाचीच्या परवान्यातही खटला भरणाऱ्याला शिक्षा आहेच, पण ती त्याच सॉफ्टवेअरवरील खटल्यापुरती. जुलै २०१७ मध्ये अपाची प्रतिष्ठानने असा परवाना असलेले घटक आपल्या प्रकल्पांत वर्ज्य ठरवले, आणि त्याच महिन्यात रॉक्सडीबी अपाची २.० आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्यावर आला. फेसबुकच्याच रिअ‍ॅक्ट या वेबपाने घडवण्याच्या साधनाने ते पत्रक सोडून एमआयटी परवाना घेतला तो दोन महिन्यांनी, बऱ्याच आरडाओरडीनंतर.

प्रत्यक्ष खटल्याचे उदाहरण हवे असेल तर हायबरनेटचे घ्या. जावामधील वस्तू आणि डेटाबेसमधील टेबले यांची सांगड घालणारे हे साधन आपल्यापैकी अनेकांनी वापरले असेल. फायरस्टार नावाच्या कंपनीने २००६ मध्ये रेड हॅट या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या कंपनीवर त्यावरून खटला भरला. २००८ मध्ये तडजोड झाली, तेव्हा रेड हॅटने केवळ स्वतःपुरती सुटका करून न घेता, त्या प्रोग्रामचे मूळ लेखक आणि पुढचे वापरकर्ते या दोघांनाही संरक्षण मिळेल असे कलम घालून घेतले आणि करार जाहीर केला. पैसे देऊन गप्प बसण्याचा सोपा मार्ग असताना हे घडले, म्हणून मी त्या तडजोडीला अल्गोरिदमइतकेच मोठे योगदान मानतो.

कलमतीन

त्या उत्साही मुलाला कृपया थांबवा. पेटंट ठाऊक असूनही भंग केला असे अमेरिकेतील न्यायालयाला दिसले तर नुकसानभरपाई तिपटीपर्यंत वाढवता येते. म्हणूनच कित्येक मुक्तस्रोत प्रकल्पांत विकासकांना पेटंटे वाचू नका, त्यांची चर्चाही जाहीर ठिकाणी करू नका असे सांगितले जाते. ज्ञान जगासमोर यावे म्हणून केलेल्या कायद्याने जाणकारांनाच वाचन टाळायला लावावे, ही विसंगती मी विद्यार्थ्यांना शिकवताना नेहमी पुढे ठेवते. एखादे विशिष्ट पेटंट तपासावे लागलेच, तर ते तिथल्या वकिलामार्फत तपासावे.

कराराबाबत माझा सल्ला असा आहे. अमर्याद जबाबदारीवर सही करू नये. आपण स्वतः लिहिलेल्या भागाची हमी द्यावी, आणि तिला या कामातून मिळणाऱ्या एकूण मोबदल्याची कमाल मर्यादा घालावी. मुक्तस्रोत घटक न बदलता, त्यांच्या मूळ परवान्यासह जसेच्या तसे दिले असतील तर ते हमीतून वगळावेत आणि त्यांची आवृत्तीनिशी यादी जोडावी. ग्राहकाने नंतर स्वतः बदललेले किंवा दुसऱ्या प्रणालीशी जोडलेले भागही वगळावेत. शिवाय दावा आल्यास तो घटक बदलून देण्याचा किंवा त्याजागी दुसरा बसवण्याचा पर्याय आपल्या हातात असावा. पोस्टग्रेसने ८.०.२ मध्ये जे केले तेच कराराच्या भाषेत लिहायचे आहे. दावा कळवण्याची मुदतही ठरवून घ्यावी, नाहीतर दोन वर्षे पत्रव्यवहार करून बिघडवलेले प्रकरण शेवटी आपल्या दारात आणून टाकतात. हा सर्वसाधारण सल्ला आहे. अंतिम मसुदा आपल्या वकिलांना दाखवावा.

वारणाकाठ

कलमतीन ताईंच्या सूचनेप्रमाणे कलम बदलून पाठवले. अमेरिकी कंपनीने रकमेची मर्यादा आणि घटक बदलून देण्याचा पर्याय मान्य केला. मुक्तस्रोत घटक वगळण्याबाबत अजून घासाघीस चालू आहे, मात्र घटकांची आवृत्तीनिशी यादी त्यांनी लगेच मागितली.

ती यादी करायला बसलो तेव्हा, हात लागलाच आहे तर आमच्या जुन्या ग्राहकांचीही करावी, असे ठरले. एका दूध संघाच्या कार्यालयात आम्ही अगदी सुरुवातीला बसवलेले विंडोजचे यंत्र अजून चालू आहे आणि त्यावर पोस्टग्रेस ८.०.१ आहे. विंडोजवर थेट चालणारी पहिली आवृत्ती म्हणून तेव्हा आम्ही ८.० मोठ्या हौसेने घेतली होती. म्हणजे बखरकारांनी सांगितलेला तो एआरसी इतकी वर्षे रोज पहाटे आमच्या दुधाची बिले काढतो आहे. येत्या रविवारी संकलन आटोपल्यावर ते यंत्र बदलायला जात आहोत; बॅकअप घेताना त्या आवृत्तीची काही खोड आडवी येत असेल तर कोणी आधीच सांगून ठेवावे.